परदेशी चलनातील धनादेश हाती आला तर: बडोद्याच्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

बडोद्यातून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जाऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती परदेशी चलनातील धनादेश येण्याचे प्रसंग साधारण ठरलेले असतात. शिकायला गेलेली मुलगी परतते आणि तिच्या खोलीची अनामत रक्कम घरमालक नंतर टपालाने धनादेश पाठवून परत करतो. मुलाकडे काही महिने राहून आलेल्या आजी-आजोबांना तिथले नातेवाईक निघताना भेट म्हणून धनादेश देतात. कधी विमा कंपनीकडून हप्त्याचा उरलेला भाग परत येतो, तर कधी शेवटच्या पगाराचा धनादेश जुन्या पत्त्यावर फिरून मग रावपुऱ्यातल्या घरी पोहोचतो. ज्यांच्यावर असा प्रसंग पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सर्वात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. परदेशी धनादेश ज्या देशातल्या बँकेवर काढलेला असेल, त्याच देशात, शक्यतो आपण तिथे असतानाच वटवावा. तो भारतात आणला की त्याच कागदाचे पैसे मिळायला फार वेळ लागतो, खर्च वाढतो आणि काही वेळा पैसे मिळतच नाहीत.

याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. आपल्या शहरात आपण धनादेश भरतो तेव्हा त्याची प्रतिमा बँकांच्या समाशोधन (क्लिअरिंग) व्यवस्थेतून जाते आणि फार तर एक-दोन कामकाजाच्या दिवसांत निकाल लागतो. डॉलरचा किंवा पौंडाचा धनादेश या व्यवस्थेत बसत नाही. आपली बँक तो परदेशातल्या आपल्या सहयोगी बँकेकडे पाठवते, ती बँक ज्या बँकेवर धनादेश काढला आहे तिच्याकडून पैसे मागते, ते पैसे आपल्या बँकेच्या परदेशातील खात्यात, म्हणजे नोस्ट्रो खात्यात, जमा होतात आणि त्यानंतर रुपयांत रूपांतर होऊन आपल्या खात्यावर येतात. या साखळीतला प्रत्येक दुवा आपले शुल्क कापून घेतो. शिवाय परदेशातल्या अनेक सहयोगी बँकांनी असे धनादेश स्वीकारणे बंद केल्यामुळे भारतातल्या काही बँकांनीही ही सेवा थांबवली आहे, त्यामुळे पूर्वी एखाद्याचे काम झाले होते म्हणून आपलेही होईल असे गृहीत धरू नये.

धनादेश हा प्रकारच आता मागे पडत चालला आहे. न्यूझीलंडमधल्या बँकांनी २०२१ पर्यंत तो पूर्णपणे बंद केला, ऑस्ट्रेलियाने २०२८ च्या जूनअखेर नवे धनादेश देणे थांबवण्याचे ठरवले आहे, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२५ नंतर, मोजके अपवाद वगळता, कागदी धनादेशाने पैसे देण्याचे धोरण सोडले आहे.

निघण्यापूर्वी

ज्यांच्याकडून पैसे येण्याची शक्यता आहे, त्यांना धनादेश न पाठवता थेट खात्यात पैसे पाठवण्याची विनंती आधीच करून ठेवावी. त्यासाठी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: पासबुकावर आहे तसे रोमन लिपीतले पूर्ण नाव, खाते क्रमांक, शाखेचा पत्ता, आयएफएससी क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड. शेवटचे दोन क्रमांक निरनिराळे आहेत. आयएफएससी देशांतर्गत व्यवहारासाठी असतो आणि परदेशातून पैसे पाठवताना केवळ त्यावर भागत नाही, तिथे आपली बँक ओळखण्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. स्विफ्ट कोड प्रत्येक शाखेला स्वतंत्र असतोच असे नाही, म्हणून तो बँकेतूनच लिहून घ्यावा. परदेशातल्या अर्जांत पुष्कळदा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागतात. भारतात ती पद्धत नाही, एवढे पैसे पाठवणाऱ्याला सांगितले की त्याचा गोंधळ मिटतो.

शिक्षण किंवा नोकरी संपवून परतणाऱ्या मुलांना कळकळीने सांगावेसे वाटते की तिथले बँक खाते बंद करण्याची घाई करू नये. अनामत रक्कम, वीज कंपनीचा परतावा, कराचा परतावा हे सर्व आपण देश सोडल्यानंतर येते. खाते चालू असेल तर तिथला एखादा मित्र किंवा नातेवाईक तो धनादेश आपल्या खात्यात भरू शकतो. अमेरिकेत बँकेच्या ॲपमधून धनादेशाचे छायाचित्र काढूनही भरता येतो. घरमालकाला परतीचा पत्ता देताना बडोद्याचा न देता अशा मित्राचा द्यावा. मात्र त्या मित्राशी आधी बोलून ठेवावे.

धनादेश हाती आल्यावर काय पाहावे

अमेरिकी धनादेश टेबलावर ठेवून शांतपणे वाचावा. वर उजव्या कोपऱ्यात तारीख असते आणि ती महिना, दिवस, वर्ष या क्रमाने लिहिलेली असते. ०४/०७ ही आपल्याला ४ जुलै वाटली तरी तिथे ती ७ एप्रिल असते, आणि मुदत मोजताना या फरकाने तीन महिने हुकतात. भारतात धनादेशाची मुदत २०१२ पासून तीन महिने आहे. अमेरिकेत सहा महिन्यांपेक्षा जुना खासगी धनादेश देण्याचे बंधन बँकेवर नसते, तर तिथल्या सरकारी कोषागाराचा धनादेश वर्षभर चालतो. काही कंपन्या ‘९० दिवसांनंतर रद्द’ असेही छापतात, तेव्हा छापील मजकूर वाचल्याशिवाय धनादेश ठेवून देऊ नये.

तारखेखालच्या ओळीत ज्याला पैसे द्यायचे त्याचे नाव असते. बडोद्याच्या माणसाला सर्वात जास्त त्रास इथेच होतो. गुजरातमधल्या कागदपत्रांत आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम रूढ आहे. परदेशातला माणूस मात्र आपल्याला बोलावतो तसे, म्हणजे नाव आणि आडनाव एवढेच लिहितो. त्यात गायकवाड या एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन-चार रूपे प्रचलित आहेत. धनादेशावरचे नाव पासबुकाशी आणि पारपत्राशी जुळत नसेल, तर देणाऱ्याकडून तिथल्या तिथे नवा धनादेश लिहून घ्यावा. बडोद्यात आल्यावर शपथपत्रे करत बसण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे. पती-पत्नी दोघांची नावे असतील तर त्यांच्यामध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’ हेही पाहावे, कारण ‘आणि’ असेल तर मागे दोघांच्याही सह्या लागतात.

रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत जुळते का ते तपासावे. फरक असल्यास भारतात काय आणि अमेरिकेत काय, अक्षरांत लिहिलेली रक्कम ग्राह्य धरतात, परंतु व्यवहारात बँक असा धनादेश परतच करण्याची शक्यता जास्त असते. युरोपातल्या अनेक देशांत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, तोही नीट वाचावा. अगदी खाली चुंबकीय शाईने छापलेल्या आकड्यांत अमेरिकेत बँकेचा नऊ अंकी क्रमांक असतो. त्या पट्टीवर घडी, शिक्का किंवा शाईचा डाग पडू देऊ नये.

मागची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे धनादेशाच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून तो रेखांकित करतात आणि त्यामुळे तो खात्यातच भरावा लागतो. अमेरिकेत ही पद्धत नाही. तिथे मागच्या बाजूला एका टोकाशी सहीसाठी सुमारे दीड इंचाची जागा आखलेली असते आणि तिच्याखाली काही लिहू नये अशी सूचना असते. त्या जागेत नुसती सही केली की तो कागद ज्याच्या हाती असेल त्याला वटवता येण्यासारखा होतो. म्हणून बँकेच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत मागे सही करू नये आणि करताना ‘केवळ खात्यात जमा करण्यासाठी’ या अर्थाची इंग्रजी ओळ व खाते क्रमांक लिहावा.

त्याच देशात वटवण्याचे मार्ग

आपले तिथे खाते नसेल, तर ज्या बँकेवर धनादेश काढला आहे तिच्याच शाखेत पारपत्र घेऊन जावे. अनेक बँका खातेदार नसलेल्या व्यक्तीलाही थोडे शुल्क घेऊन रोख रक्कम देतात. धनादेश देणारा सोबत आला तर काम अधिक सुलभ होते, आणि खरे तर तो आलाच असेल तर धनादेश त्याला परत देऊन त्याच खिडकीवरून आपल्या भारतीय खात्यात पैसे पाठवायला सांगणे सर्वात चांगले. दुसरा मार्ग म्हणजे मागे सही करून तो मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करणे. ‘अमुक यांना द्यावे’ असे लिहून खाली आपली सही केली की मुलगा तो आपल्या खात्यात भरू शकतो. मात्र असा धनादेश स्वीकारायचा की नाही हे त्याची बँक ठरवते, म्हणून सही करण्यापूर्वी तिला विचारावे. रस्त्यावरची धनादेश वटवून देणारी दुकाने टक्केवारीने भरपूर शुल्क घेतात. माझ्या मते तिकडे वळूच नये.

सोबत आणावा लागलाच तर

धनादेशाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून कुटुंबातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवून ठेवावे आणि मूळ कागद पारपत्रासोबत हातातल्या पिशवीत, घडी न घालता न्यावा. मागे सही न करण्याचे आणखी एक कारण विमानतळावर आहे. अमेरिकेतून निघताना दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोकड किंवा धारकाला देय असलेली पत्रे जवळ असल्यास ती जाहीर करावी लागतात. नावाने काढलेला आणि सही न केलेला धनादेश त्यात मोजत नाहीत, पण मागे नुसती सही केलेला मोजला जातो. भारतात उतरताना परकीय नोटा पाच हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, किंवा नोटा व प्रवासी धनादेश (प्रवासखर्चासाठी आधीच विकत घेतलेले ट्रॅव्हलर्स चेक) मिळून दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, तर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे चलन घोषणापत्र भरून द्यावे लागते.

परतल्यावर धनादेश कपाटात ठेवून देऊ नये. निवासी भारतीयाने मिळालेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेकडे देऊन रुपयांत रूपांतरित करावे असा नियम आहे. दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवण्याची जी मुभा आहे ती नोटा आणि प्रवासी धनादेशांसाठी आहे.

बडोद्यातल्या बँकेत

बँक ऑफ बडोदाची स्थापना १९०८ मध्ये सयाजीराव महाराजांनी याच शहरात केली, त्यामुळे बडोद्यातल्या कोणत्याही शाखेत बँकेचे कोणतेही काम होते असे जुन्या लोकांना वाटते. परकीय चलनाच्या बाबतीत तसे नसते, आणि हे सर्वच बँकांना लागू आहे. नेहमीची शाखा अर्ज घेऊन तो परकीय चलन हाताळणाऱ्या नेमलेल्या शाखेकडे पाठवते किंवा आपल्यालाच तिकडे जायला सांगते. सहकारी बँकांपैकी बहुतेकांना हा परवाना नसतो. म्हणून दांडिया बाजारातून रिक्षा करून अलकापुरी गाठण्याआधी दूरध्वनी करून तीन प्रश्न विचारावेत: या देशाचा आणि या चलनाचा धनादेश आपण वसुलीसाठी घेता का, किमान किती रकमेचा घेता, आणि परदेशातल्या बँकेचे शुल्क धरून एकूण किती कापले जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आमचे शुल्क इतके’ असे अर्धवट मिळते, तेव्हा परदेशातल्या बँकेचे किती, हे पुन्हा विचारावे.

अर्जासोबत पॅन कार्ड, पारपत्राची प्रत, पासबुकाची प्रत आणि पैसे कशाचे आहेत हे सांगणारे पत्र लागते. बँक त्यावर उद्देश क्रमांक टाकते: अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेले पैसे पी १३०१ मध्ये येतात आणि वैयक्तिक भेट पी १३०२ मध्ये. हा क्रमांक पुढे प्राप्तिकराच्या वेळी उपयोगी पडतो, म्हणून तो बरोबर टाकला आहे ना, ते पाहावे. धनादेश दिल्यावर शिक्का मारलेली पोच आणि वसुलीचा क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

लहान रकमेचा धनादेश भारतात वटवणे किती महाग पडते, हे एका कल्पित हिशोबाने दाखवतो. समजा डॉलरचा दर ८५ रुपये आहे, परदेशातली बँक २० डॉलर कापते आणि आपली बँक ५०० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू-सेवा कर, म्हणजे ५९० रुपये घेते. दोनशे डॉलरच्या धनादेशातून १८० डॉलर उरतात, त्यांचे १५,३०० रुपये होतात. चलन रूपांतरावर वेगळा वस्तू-सेवा कर असतो आणि तो कमीत कमी ४५ रुपये असतो. हातात येतात १४,६६५ रुपये. मूळ किंमत १७,००० होती, म्हणजे २,३३५ रुपये, साडेतेरा टक्क्यांहून अधिक, वाटेतच गेले. हेच शुल्क दोन हजार डॉलरच्या धनादेशाला लावले तर सुमारे दीड टक्का जातो. ज्या आजीला नातवाने हौसेने पन्नास डॉलरचा धनादेश दिला, तिला बँकेच्या पायऱ्या चढायला लावू नयेत. तो धनादेश न वटवता नातवाला कळवावे आणि त्याने तेवढे पैसे थेट पाठवावेत.

खात्यात जमा झाले म्हणजे मिळाले असे नव्हे

काही बँका वसुली पूर्ण होण्यापूर्वीच ठरावीक दिवसांनी रक्कम खात्यात दाखवतात. हा तात्पुरता जमाखर्च असतो. नंतर धनादेश परत आला तर बँक ती रक्कम, परतीच्या शुल्कासह आणि त्या दिवशीच्या दराने, आपल्या खात्यातून वजा करते. खोट्या सहीचा दावा असेल तर परदेशातली बँक पैसे दिल्यानंतर अनेक महिन्यांनीही ते परत मागू शकते. म्हणून बँकेला ‘जमा झाले का’ एवढेच न विचारता ‘अंतिम वसुली झाली का’ असे विचारावे आणि होकार मिळेपर्यंत त्या पैशाला हात लावू नये.

फसवणूक करणारे नेमका याच फटीचा फायदा घेतात. समजा एखाद्या कुटुंबाने घरातला संखेड्याचा झोपाळा विकण्यासाठी इंटरनेटवर जाहिरात दिली. परदेशातला ग्राहक घासाघीस न करता किंमत मान्य करतो, ठरलेल्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा बँक धनादेश कुरिअरने पाठवतो आणि लिहितो की जास्तीचे पैसे माल नेणाऱ्या वाहतूकदाराला पाठवून द्या. धनादेश हुबेहूब खऱ्यासारखा असतो, खात्यात तात्पुरती रक्कमही दिसते आणि विक्रेता स्वतःच्या खऱ्या पैशातून वाहतूकदाराला रक्कम पाठवतो. काही आठवड्यांनी धनादेश बनावट ठरतो. गेलेले पैसे परत येत नाहीत आणि बँकेची वजावट सोसावी लागते ती वेगळीच. परदेशी नोकरीचा आगाऊ पगार किंवा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता म्हणून येणारे धनादेशही याच जातीचे असतात. ज्याने धनादेश दिला तोच त्यातली काही रक्कम परत किंवा तिसऱ्याला पाठवायला सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी. याला मला तरी अपवाद दिसत नाही.

प्रवासी धनादेश

प्रवासी धनादेश हा निराळा प्रकार आहे आणि जुन्या कपाटांत तो अजून सापडतो. विकत घेताना एक सही केलेली असते आणि दुसरी वटवणाऱ्यासमोर करायची असते. दुसरी सही घरी बसून केली की तो निरुपयोगी होण्याची भीती असते. अमेरिकन एक्सप्रेसने असे धनादेश देणे थांबवले असले तरी आधी दिलेल्यांना मुदत नाही, त्यामुळे ते फेकून न देता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून पैसे परत मागावेत. अनुक्रमांक वेगळ्या कागदावर लिहून ठेवावेत.

करासंबंधी

नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. इतरांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त आल्यास सर्व रक्कम करपात्र ठरते. मात्र कायद्यातली नातेवाइकाची व्याख्या आपल्या घरच्या समजुतीपेक्षा अरुंद आहे. काकांनी किंवा आत्याने पुतण्याला दिले तर ते सवलतीत बसते, पण पुतण्याने काकांना दिले तर बसत नाही. टोरोंटोच्या पुतण्याकडून मोठा धनादेश घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. वसुली झाल्यावर बँकेकडून परकीय रक्कम आल्याची सूचना लेखी मागून घ्यावी आणि ती भेटपत्रासोबत जपून ठेवावी.

धनादेश आपल्या नावाचा नसून मंडळाच्या, मंदिराच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या नावाचा असेल, तर वेगळा कायदा लागू होतो. परदेशी नागरिकाकडून देणगी घेण्यासाठी संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि त्यासाठीचे भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते असावे लागते. देणाऱ्याकडे भारतीय पारपत्र असेल तर त्याचे पैसे या कायद्यात परकीय मानले जात नाहीत, परंतु अनेक वर्षे तिथे राहिलेल्या आप्तांनी नागरिकत्व बदललेले असते, आणि ते विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच बाजूला ठेवून विचारावे. संस्थेची नोंदणी नसेल तर असा धनादेश खात्यात भरू नये आणि कार्यकर्त्याच्या खासगी खात्यातून फिरवूही नये. तो न वटवता कृतज्ञतेच्या पत्रासह देणाऱ्याकडे परत पाठवावा.